‘द्या की’चा सूर आणि मराठीचे अध्यापन

विश्रामबागेतील एका बँकेच्या खिडकीपाशी ऐकलेला संवाद या टिपणास निमित्त झाला. जत तालुक्यातून आलेल्या एका वृद्ध बाईंनी पावती पुढे करून म्हटले, “एवढं भरून द्या की.” परप्रांतातून बदलून आलेल्या लिपिकास मराठी समजत होते; तरीही “ऑर्डर मत दीजिए” असे तुटक उत्तर आले. बाई निमूटपणे बाजूला झाल्या. आपल्याकडचा हा ‘की’ आर्जवाचा. लिपिकास तो दटावणीचा वाटला. शब्द पोचले, सूर पोचला नाही.

अशा गैरसमजाचे मार्मिक विवेचन जॉन गम्पर्झ यांच्या ‘डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज’ (1982) या ग्रंथात आढळते. ब्रिटनमधील एका विमानतळाच्या उपाहारगृहात नव्याने लागलेल्या भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया ‘ग्रेव्ही?’ असे विचारताना सूर चढवण्याऐवजी उतरवीत. इंग्रजी कानांना तो प्रश्न न वाटता रुक्ष विधान वाटे आणि त्या उर्मट ठरत. ध्वनिमुद्रित संभाषणांवर चर्चा झाल्यानंतर उभय पक्षांना दोषाचे मूळ उमगले.

याच गम्पर्झ यांचा रॉबर्ट विल्सन यांच्यासमवेत 1971 मध्ये प्रसिद्ध झालेला लेख आपल्या शेजारच्या कुपवाडविषयी आहे. तेथे कन्नड, मराठी व उर्दू या भाषांचे शब्द वेगळे राहिले, परंतु वाक्यरचना मात्र परस्परांच्या अगदी जवळ आल्या, असे त्यांनी दाखवून दिले. ज्या परिसराने भाषाविज्ञानास असे उदाहरण पुरविले, तेथेच आज ग्राहक खिडकीपाशी अबोल होतो, ही विसंगती अस्वस्थ करणारी आहे.

बँकांतील फलक व छापील नमुने त्रैभाषिक असावेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. कर्मचाऱ्यांनी मराठी शिकावे, ही मागणीही रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की कोणती मराठी? केवळ प्रमाणभाषेचे धडे गिरवलेल्या लिपिकाला ‘द्या की’ उद्धटच वाटेल. पुण्याहून आलेल्या मराठीभाषक लिपिकालाही कदाचित तसेच वाटेल.

येथे आपण अध्यापकांनी अंतर्मुख व्हावयास हवे. ग्रामीण कादंबरीतील बोलीवर आपण प्रबंध लिहितो; तीच बोली विद्यार्थ्याच्या तोंडी आली की वर्गात हशा पिकतो आणि आपण तो थांबवीत नाही. बोलीची लाज बँकेच्या खिडकीपाशी नव्हे, आपल्या वर्गात प्रथम शिकवली जाते.

हे साहित्याच्या विभागाचे कार्य नव्हे, असा आक्षेप संभवतो. परंतु जिवंत बोलीतील सूर ज्यास ऐकू येत नाही, त्यास कादंबरीतील संवादही अर्धाच कळतो. म्हणून एम. ए.च्या भाषाविज्ञान अभ्यासपत्रिकेत क्षेत्रकार्याचा अंतर्भाव व्हावा. बँक, टपाल कार्यालय, बसस्थानक येथील संभाषणे संबंधितांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावीत, त्यांतील सूर व निपातांचे विश्लेषण करावे आणि ते कर्मचारी व ग्राहक दोघांसमोर मांडावे. कुपवाडचा अभ्यास परक्या विद्वानांनी केला. विश्रामबागेचा आपण करावा.