तीन पाळ्या, तीन माणसं, शून्य सुट्ट्या

दर डिसेंबरला मला एचआरचा मेल येतो. तुमच्या इतक्या रजा शिल्लक आहेत, ३१ तारखेपर्यंत घ्या, नाहीतर लॅप्स होतील. मग मॅनेजरही विचारतो, "अरे, कधी घेतोयस सुट्टी?" गेल्या वर्षी हा कॉल मी हॉलमध्ये बसून घेतला. बाबा शेजारी पेपर वाचत होते. कॉल संपल्यावर म्हणाले, "तुमच्याकडे रजा घे म्हणून मागे लागतात?"

बाबा एका महानगरपालिकेच्या अग्निशमन दलात होते. फायरमन म्हणून लागले आणि तीन वर्षांपूर्वी लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झाले. त्या दिवशी त्यांच्या खात्यावर ३०० दिवसांची अर्जित रजा शिल्लक होती. ३०० हा आकडा त्यांनी ठरवलेला नाही. रजा साठवायची मर्यादाच तेवढी आहे, त्यापुढची बुडते. बाबांची एकूण किती बुडाली, ते आमच्या घरात कुणी मोजलं नाही. ३०० दिवसांचे पैसे मात्र मिळाले आणि ते माझ्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटला गेले. ज्या खोलीत बसून मी वर्क फ्रॉम होम करतो, ती बाबांनी न घेतलेल्या रजेतून आली आहे.

म्हणजे खरं तर मी या व्यवस्थेचा लाभार्थी आहे. तरीही मला वाटतं की ती व्यवस्था चुकीची आहे, आणि आपण सगळे तिला टाळ्या वाजवून टिकवतो आहोत.

टाळ्या म्हणजे काय, तर गणपतीत आणि दिवाळीत फिरणारे स्टेटस. 'आपण सण साजरा करतो तेव्हा हे ड्युटीवर असतात. सलाम!' खाली पावसात भिजत उभ्या असलेल्या पोलिसाचा फोटो. मीही असे स्टेटस टाकलेत. आता टाकत नाही, कारण एकदा बसून साधा हिशेब केला.

एक जागा धरा. पोलीस ठाण्यातला स्टेशन डायरीचा टेबल असेल किंवा फायर इंजिनच्या ड्रायव्हरची सीट असेल. ही जागा चोवीस तास, ३६५ दिवस भरलेली हवी. आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणून तीन माणसं पुरतील असं कुणालाही वाटेल. पण तीनच माणसं असतील तर प्रत्येकाला वर्षाचे ३६५ दिवस यावं लागतं. एकही साप्ताहिक सुट्टी नाही. एकालाही ताप यायचा नाही, एकाच्याही बहिणीचं लग्न व्हायचं नाही. आणि दोनच माणसं असतील तर बारा-बारा तास, तेही ३६५ दिवस.

आता कागदावरच्या सुट्ट्या वजा करू. ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० दिवस अर्जित रजा, आणि पोलिसांना २० दिवस नैमित्तिक रजा (२०२२ मध्ये ती १२ वरून २० केली). उरले २६३ दिवस. म्हणजे एक जागा भरायला चारपेक्षा थोडी जास्त माणसं लागतात. यात आजारपण, प्रशिक्षण आणि कोर्टाच्या तारखा धरलेल्याच नाहीत.

हा दहावीच्या गणिताइतका सोपा प्रश्न आहे आणि माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. रजा किती दिवसांची, हे शासन निर्णयावर ठरत नाही. ते माणसं किती, यावर ठरतं. बारा नैमित्तिक रजांच्या वीस केल्या आणि माणसं तेवढीच ठेवली, तर फक्त नाकारलेल्या अर्जांची संख्या वाढते.

आणि नाकारायची सोय नियमांतच आहे. राज्य कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या रजा नियमांनुसार रजा हक्क म्हणून मागता येत नाही. पोलिसांचं तर आणखी पुढचं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम २८ नुसार रजेवर किंवा निलंबित नसलेला पोलीस कायम ड्युटीवर असल्याचं मानलं जातं. कायम. माझा शाळेतला मित्र पोलीस शिपाई आहे. त्याच्या मुलीच्या बारशाला त्याने हजेरी मास्तरकडे दोन दिवस मागितले, बंदोबस्त निघाला आणि एकही मिळाला नाही. शेवटी त्याने सिक टाकली. कागदावर तो खोटारडा ठरला. माझ्या मते त्याला खोटं बोलायला लावणारा तक्ता खोटा आहे.

"बंदोबस्त आला की सुट्ट्या रद्द होणारच," असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, गणपती अचानक येतात का? पुढच्या वर्षीचं कालनिर्णय आधीच भिंतीवर लागलेलं असतं. पावसाळा कधी येतो हे माहीत असतं. दिवाळीत फटाक्यांच्या वर्द्या वाढतात हेही दलातल्या प्रत्येकाला माहीत असतं. दरवर्षी ठरलेल्या वेळी येणारी गोष्ट आणीबाणी कशी असेल?

माझ्या टीममध्ये आम्ही पाच जण आळीपाळीने ऑन-कॉल असतो. रात्री सर्व्हर पडला आणि मी पहाटेपर्यंत जागलो, तर दुसऱ्या दिवशी मला कुणी लॉगिन करायला सांगत नाही. समजा एकाच माणसाने वर्षभर ऑन-कॉल केलं, तर कंपनी त्याला सलाम करणार नाही, मॅनेजरला बोलावून विचारेल की तू प्लॅनिंग काय केलंस. आमच्या चुकीने फार तर कुणाचं पेमेंट अडकतं. झोप न झालेल्या ड्रायव्हरच्या हातात पाण्याने भरलेलं फायर इंजिन असतं आणि समोर तुमची-माझी गल्ली असते.

"नोकरी घेताना माहीत नव्हतं का?" हा दुसरा प्रश्न. धोका माहीत होता. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत स्फोट झाला, त्यात आग विझवणारे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत दरवर्षी अग्निशमन सेवा दिन पाळतात. २०१५ च्या काळबादेवीच्या आगीत मुंबई दलाने प्रमुख अधिकाऱ्यासह चार अधिकारी गमावले. ही जोखीम बाबांनी समजून घेतली होती. पण धोका पत्करणं वेगळं आणि रविवार सोडून देणं वेगळं. पहिलं कामाचा भाग आहे. दुसरी प्रशासनाने वाचवलेली पगाराची रक्कम आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात अवघड जातो, कारण तो बाबांचाच आहे. ते म्हणतात, "पैसे मिळाले ना? रजा घेऊन काय केलं असतं?" अनेकांना पैसेच हवे असतात हे खरं आहे, आणि त्या पगारात त्यांचं चूकही नाही. पण थकलेल्या माणसाची रजा शेवटी विकत घेणं नवा माणूस भरण्यापेक्षा सोपं असेल, तर कुठलीही पालिका नवा माणूस का भरेल?

बदल होऊ शकतो, हे एकदा दिसलंही आहे. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला. त्याचा आराखडा तिथल्याच एका कर्मचाऱ्याने मांडला होता आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो मनावर घेतला. पुढे तो इतर ठाण्यांतही नेला. तरीही २०२२ मध्ये महिला पोलिसांना आठ तासांची ड्युटी द्यायला पुन्हा वेगळा आदेश काढावा लागला. चांगला अधिकारी आला की सुट्टी मिळते आणि बदलून गेला की जाते, याला हक्क म्हणत नाहीत.

पोलीस स्वतः हे मोठ्याने बोलू शकत नाहीत. १९६६ च्या कायद्याने त्यांच्या संघटना करण्यावर बंधनं आहेत. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबई पोलिसांनी उघड असंतोष व्यक्त केला, तेव्हा लष्कर बोलावलं गेलं आणि त्यांची संघटना मोडली. म्हणून हे आपण बोलायला हवं, आणि मागणी नेमकी हवी. पदं मंजूर करतानाच रजा राखीव पदं धरा. ड्युटीचा तक्ता महिनाभर आधी लावा. रजा नाकारली तर कारण लेखी द्या, आणि रद्द झालेल्या सुट्टीच्या बदल्यात कधी सुट्टी मिळणार ती तारीखही त्याच कागदावर लिहा.

लहानपणी आमचा दीड दिवसाचा गणपती आम्ही घराजवळच्या घाटावर न नेता लांबच्या तलावावर न्यायचो. बाबांची ड्युटी तिथे असायची. लाइफ जॅकेट घालून ते बोटीत उभे असायचे. आम्ही काठावरून आरती म्हणायचो आणि ते लांबून हात जोडायचे. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटायचा. आईला काय वाटायचं, ते मी कधी विचारलं नाही.

या वर्षी मी स्टेटस टाकणार नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आमच्या पालिकेला तीन प्रश्न विचारलेत. अग्निशमन दलात मंजूर पदं किती, भरलेली किती, रजा राखीव किती. तुमच्या पालिकेला तुम्ही विचारा.