हात उचलण्याआधी देवाला विचारा

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या माझ्या सगळ्या भावांना आणि मायबहिणींना हात जोडून विनंती आहे. ‘पोरं पळवणारी टोळी आली’, ‘गाडीला आग लागली’, ‘आपल्या देवाची विटंबना झाली’ असं काही कानावर आलं किंवा मोबाइलवर दिसलं, तर लगेच धावत सुटू नका. जागेवर थांबा. आपापल्या देवाचं नाव घ्या आणि त्यालाच विचारा, मी आता काय करू? मन निवळेपर्यंत कुणावर हात उचलू नका, मेसेज पुढे पाठवू नका.

साक्री तालुक्यातलं राईनपाडा आठवा. 1 जुलै 2018, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती, त्यातली बहुतेक मंगळवेढा तालुक्यातली. गावोगाव भिक्षा मागत फिरायचं, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. मुलं चोरणाऱ्यांच्या अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर सुसाट फिरत होत्या. जमावाने या पाच जणांना धरलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. आषाढी एकादशी तीन आठवड्यांवर आली होती. मंगळवेढा म्हणजे चोखोबांची, दामाजीपंतांची भूमी; आणि दारी आलेल्या गोसाव्याला विन्मुख पाठवू नये, हे आपल्याकडे लहानपणीच शिकवतात. त्या गर्दीत देव मानणारी माणसं असणारच. सकाळी देवाला हात जोडून बाजाराला निघालेलीही असतील. मारायच्या वेळी मात्र त्याला विचारायला कुणाला सवड झाली नाही.

दुसरं ठिकाण पाचोऱ्याजवळचं. 22 जानेवारी 2025 च्या संध्याकाळी लखनौहून मुंबईला निघालेल्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये आगीची हाकाटी उठली. साखळी ओढली गेली आणि माहेजी-परधाडे दरम्यान गाडी थांबली. घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले. समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली आणि किमान बारा जणांना चिरडून गेली. पोटासाठी मुंबईकडे निघालेली माणसं होती, काही तर थेट नेपाळची. गाडीला आग लागलीच नव्हती. त्या बिचाऱ्यांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

कुणी म्हणेल, खरीच आग लागली तर नामस्मरण करत बसायचं का? नाही. डोळ्यांना ज्वाळा दिसत असेल तर बाहेर पडायचंच. पण कोणत्या बाजूला उतरतोय, पलीकडच्या रुळांवर गाडी येतेय का, एवढं बघायला एक श्वास लागतो. तो श्वास देवाच्या नावाने घ्या.

याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे. जमावातला माणूसही छातीठोक सांगतो, की मला देवानेच हे सुचवलं. मग ओळखायचं कसं? मी माझ्यापुरती एक खूण धरून आहे. देवाकडून आलेलं चार प्रश्न विचारल्याने नाहीसं होत नाही, उद्या सकाळपर्यंतही टिकतं. भीतीने आणि रागाने सुचलेलं मात्र ‘आत्ताच, नाहीतर कधीच नाही’ म्हणून मागे लागतं. ज्याला पडताळणीची भीती वाटते, ते देवाचं नव्हे. आणि देवाचं उत्तर आकाशवाणीसारखं येईल म्हणून वाट बघू नका. कधी ते घरातल्या म्हाताऱ्या आईच्या तोंडून येतं, तर कधी ‘थांबा रे भो’ म्हणणाऱ्या एकट्या माणसाकडून. राईनपाड्यासारख्या गर्दीत असा माणूस उभा राहिला, तर त्याला ढकलू नका. त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा.

मुक्ताई आपल्या मातीत, तापीकाठी अंतर्धान पावली. लोकांच्या वागण्याने व्यथित होऊन ज्ञानोबांनी ताटी लावून घेतली, तेव्हा त्यांना शांत केलं ते या धाकट्या बहिणीने. ताटीचे अभंग त्याच प्रसंगाचे मानतात. ज्ञानोबांनासुद्धा थांबवणारं कुणी लागलं, तिथे तुमची-माझी काय कथा! कोथळी-मेहूणला दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येकाने मुक्ताईकडे हेच मागणं मागावं.

अफवा गावात शिरल्यावर हे वाचून दाखवायला वेळ मिळणार नाही. म्हणून याच आठवड्यात, हरिपाठ संपला की भजनी मंडळांत, नमाजनंतर मशिदीत, बाजाराच्या दिवशी चावडीवर आणि पाड्यापाड्यावर हे बोलून टाका, अहिराणीत, भिलोरीत, ज्याला जी कळते त्या भाषेत. अनोळखी माणसाबद्दल शंका आली, तर त्याला सावलीत बसवा, पाणी द्या आणि 112 लावा. मुलांबाबत काळजी वाटली तर 1098, रेल्वेत असाल तर 139. हे तीन नंबर आणि पोलीस पाटलांचा मोबाइल आज संध्याकाळी मंदिराच्या फळ्यावर ठळक अक्षरात लिहून ठेवा.