विश्लेषण : मॉडेल विमानाचा पंख का मोडतो? चिकटवण्याआधी काय पाहावे?

घरी बनवलेल्या मॉडेल विमानाचा पंख हवेत मोडला की दोष वाऱ्याला दिला जातो. मग तुटलेल्या जागी गम लावायचा आणि पुन्हा मैदान गाठायचे. पुढच्या वेळी पंख त्या जोडाशेजारीच मोडतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला जाणता कारागीर असे करत नाही. तुटलेले कास्टिंग तो उजेडात धरतो, आत ब्लोहोल होता का ते आधी पाहतो. पंखालाही हाच न्याय हवा.

भार किती येतो?

सरळ उडताना पंख विमानाच्या वजनाइतका भार पेलतो. उंची न सोडता 60 अंश कलून वळले की भार दुप्पट होतो. सूर मारून विमान झटक्यात वर खेचले तर तो पाचपटही होतो. म्हणजे 1.2 किलोच्या विमानाच्या पंखांवर क्षणभर 6 किलो. सर्वाधिक ताण पंखाच्या मुळाशी येतो.

तुटलेला भाग काय सांगतो?

पंखाचा कणा म्हणजे स्पार. पंख वर वाकतो तेव्हा स्पारची वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते.

• वरची पट्टी दुमडली : मधला उभा आधार कमी पडला.
• खालची ताणून तुटली : पट्टी बारीक किंवा लाकडाचे रेषे तिरके.
• जोड सुटला, पृष्ठभाग गुळगुळीत, रेषा चिकटलेला नाही : दोष गमाचा.
• आवरणावर तिरक्या सुरकुत्या : पंख पिळला गेला.

ओलावा हा जुना शत्रू. 1917 मध्ये जर्मनीच्या फोकर डीआर-1 या तीन पंखी लढाऊ विमानांचे पंख हवेत निकामी झाले, वैमानिक दगावले. तपासात सदोष बांधणी आणि आत मुरलेले पाणी हे कारण निघाले. त्यानंतर स्पार आणि रिब्जना व्हार्निश देण्यावर भर दिला गेला. आपल्याकडच्या पावसाळ्यात सुतारकामाचा साधा पांढरा गमही मऊ पडतो. स्पारला इपॉक्सीच वापरावी.

दुरुस्ती कशी?

तुटलेली टोके तिरकी कापा. कापाची लांबी पट्टीच्या जाडीच्या 8 ते 10 पट हवी. बाजूने आधाराची पट्टी लावा, पण तिची टोके निमुळती ठेवा. जाड पट्टी एकदम संपली तर ताण तिथेच साठतो. जोडाशेजारी पंख मोडतो तो यामुळेच. दोन पट्ट्यांमध्ये उभ्या रेषांचा बाल्सा बसवा. शेवटी दोन्ही पंखांचे वजन जुळवा.

परीक्षा जमिनीवर

विमान उलटे करून धडावर टेका. पंखांवर वाळूच्या पिशव्या ठेवा. मुळाशी जास्त, टोकाकडे कमी, एकूण 6 किलो. करकर आवाज आला तर तो घरातच आला, हे बरे.

हा खटाटोप छंदापुरता नाही. कळंब्यात मध्यवर्ती कारागृह आहे, उजळाईवाडीचे विमानतळ फार लांब नाही आणि वस्ती वाढते आहे. इथे निखळलेला पंख कुणाच्या तरी डोक्यावर पडू शकतो. म्हणून उडवण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा पाहायलाच हवा. आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी उड्डाणाला जेवढे गुण, तेवढेच मोडलेल्या पंखाच्या नोंदवहीलाही द्यावेत. विमान का पडले हे लिहून ठेवणारा विद्यार्थीच पुढे न पडणारे विमान बनवेल.