मेहेरबानी नको, हक्काची खाट हवी

भायखळ्याच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी, गुडघ्यांनी अधू झालेली म्हातारी जे. जे. इस्पितळ जवळ असूनही जिना उतरत नाही. "आता माझ्यावर कशाला खर्च?" असं तीच म्हणते. जन्मभर सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाल्लं, तसं औषधही उरलंसुरलंच.

कायदा वेगळं सांगतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २० सरकारी इस्पितळांत वृद्धांना शक्यतो खाट आणि वेगळी रांग द्यायला सांगतं. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं कलम २५ उपचारांत अग्रक्रम देतं. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय इस्पितळांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या आहेत.

पण मागायला सोबत कोण जाणार? मारहाणीच्या तक्रारीसाठी आपण पोलीस चौकीत ठाण मांडतो, तसं इस्पितळाच्या खिडकीशीही मांडायला हवं. नकार लेखी मागावा, धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करावी. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना आणि अपंगांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

मैत्रिणींनो, म्हातारीचं दुखणं घरातलं म्हणून सोडून देऊ नका. मारहाणही एके काळी घरातलीच बाब होती.