त्रुटित म्हणायला लाज कसली?

‘उत्तम चालू स्थितीत’ हे तीन शब्द जुन्या वस्तू विकणाऱ्यांच्या हातून काढून घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेत असताना कोणी निबंधात ‘निसर्गरम्य परिसर’ लिहिले की मी त्याखाली लाल रेघ ओढत असे. कारण लिहिणाऱ्याने तो परिसर पाहिलेलाच नसे. ‘उत्तम चालू स्थितीत’चे तसेच आहे. लिहिणाऱ्याने वस्तू चालवून पाहिलेली नसते. किंवा पाहिलेली असते, आणि म्हणूनच तो असे लिहितो!

विषय आहे जुन्या व्हिडिओ गेमचा. हसू नका मंडळी. सत्तरी ओलांडलेल्या मराठीच्या मास्तराला हा नाद नातवाने लावला. तो पुण्यात नोकरी करतो आणि त्याचे वडील (म्हणजे आमचे चिरंजीव) लहानपणी ज्या खोक्यांवर खेळले ते खोके शोधून विकत घेतो. (खोके म्हटले की हल्ली लोकांना भलतेच आठवते, पण मला दुसरा शब्द सापडत नाही.) सुट्टीत धुळ्याला येताना तो सगळे बरोबर आणतो. कारण इथे आमच्या ओळखीचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक जुने गृहस्थ अजून सोल्डरिंग करतात. त्या दोघांच्या शेजारी खुर्ची टाकून बसून मला जे कळले ते इथे लिहितो आहे. आजवर सात खोके आले. त्यातले सहा ‘उत्तम चालू स्थितीत’ म्हणून घेतलेले. पूर्ण म्हणावे असे त्यात एकही निघाले नाही.

आधी हे खोके म्हणजे काय ते सांगतो. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’, लाडाने ‘फॅमिकॉम’, नावाचे यंत्र काढले. किंमत १४,८०० येन. आपल्याकडे आले ते बहुतेक या यंत्राच्या नकला होऊन. १९९०च्या दशकात ‘समुराई’, ‘मीडिया’ अशा नावांचे खोके धुळ्या-जळगावच्या घराघरांत टीव्हीला जोडलेले असत आणि मे महिन्याच्या दुपारी पोरे त्यावर मारिओ आणि कॉन्ट्रा खेळत. आत घालायच्या डबीला सगळे ‘कॅसेट’ म्हणत आणि हातात धरायच्या वस्तूला ‘रिमोट’. मीही तेच शब्द वापरणार आहे. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि आत मोजके खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा. म्हणजे या धंद्यात आकडा फुगवून सांगायची चाल तेव्हापासूनचीच!

आता या खोक्यांचे रोग पाहू.

पहिला रोग कॅसेटच्या खाचेचा. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असतात, अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्याच्या भावाला, म्हणजे एनईएसला, ७२. आपल्याकडचे खोके बहुधा ६० वाले. खाचेतल्या बारीक पट्ट्या वर्षानुवर्षे कॅसेट खुपसून सैल होतात आणि पितळेचे भांडे कळकते तशा कळकतात. मग पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. अशा वेळी पोरे कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची. ती फुंकर औषध नव्हे, रोगच. तोंडातल्या दमट हवेने पिना आणखी खराब होतात, आणि हे निन्टेन्डोनेच लोकांना बजावले होते. कॅसेट परत चालायची ती काढून पुन्हा बसवल्यामुळे. पण श्रेय फुंकरीला!

दुसरा रोग अ‍ॅडॅप्टरचा, आणि हा खरा घातक. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्टचा डीसी लागतो आणि त्याच्या पिनेचे मधले टोक ऋण, बाहेरचे धन असते. घरात पडलेल्या पुष्कळ अ‍ॅडॅप्टरांची रचना याच्या उलट. एनईएसच्या अ‍ॅडॅप्टरमधून तर ९ व्होल्टचा चक्क एसी बाहेर पडतो. नकलांमध्ये ज्याची त्याची रीत वेगळी. पिन खाचेत बसली म्हणजे अ‍ॅडॅप्टर जुळला असे समजून कोणी बटण दाबले की खेळ तिथेच संपू शकतो. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा भाग असतो. तो आलेल्या विजेचे ५ व्होल्ट करून पुढे देतो आणि उरलेल्याची उष्णता करतो. खानदेशातला मे महिना, वर ही उष्णता, आणि त्याची उष्णता शोषणारा पत्रा कोणीतरी आधीच काढून टाकलेला. मग तो किती दिवस तग धरणार?

तिसरा रोग रिमोटचा. बटणाखालच्या रबराला काळा कार्बनचा ठिपका असतो, तो झिजतो. पोरे जिंकायच्या ईर्षेने अंगठा रुतवतात तेच बटण आधी जाते. आणि वायर तुटते ती नेहमी रिमोटच्या मानेशी. बाहेरून काही दिसत नाही, आत तार गेलेली असते.

चौथा प्रकार बंदुकीचा. बदके मारायची बंदूक प्रकाश सोडत नाही, पडद्यावरचा प्रकाश टिपते. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदूक तो दिसतो का ते पाहते. हा सगळा हिशेब जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीच्या वेगावर बांधलेला. आजच्या सपाट टीव्हीसमोर ती बंदूक आंधळी. विकणारा मात्र लिहितो, ‘बंदूक चालू’. म्हणजे घोडा दाबला की खटका वाजतो, एवढेच!

पाचवा प्रकार मात्र सरळ लबाडीचा. नंतरच्या स्वस्त खोक्यांत सुट्या चिपा नसतात. सगळे मिळून एकच चिप आणि तिच्यावर काळ्या डांबरासारखा गोळा. तो बिघडला की दुरुस्ती नाही. नातवाच्या सातांपैकी एकाचे कवच जुने, वरची चिठ्ठी जुनी आणि आत असले नवे काळ्या गोळ्याचे पान निघाले. पुन्हा कवच पांढरेशुभ्र. जुने प्लॅस्टिक पिवळे पडते, कारण त्यात आग लागू नये म्हणून मिसळलेली ब्रोमीनची द्रव्ये उन्हाने बिघडतात. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ते उजळता येते. उजळायला माझी हरकत नाही. उजळले आहे हे न सांगण्याला आहे.

आणि गहाळ भाग? त्यांची तर जत्राच. अ‍ॅडॅप्टर आधी जातो, कारण तो रेडिओला लावला जातो. मग टीव्हीची वायर, बंदूक, दुसरा रिमोट. खऱ्या फॅमिकॉमचे दोन्ही रिमोट यंत्रालाच कायमचे जोडलेले होते (दुसऱ्यात तर मायक्रोफोनही होता), म्हणून ते हरवत नसत. नकलांचे सुटे, म्हणून हरवले. खाचेवरचे धुळीसाठीचे झाकण तुटते. स्क्रू चारांऐवजी दोन असतात, आणि ते पाहून अनुभवी माणूस ओळखतो की हे आधी कोणीतरी उघडले आहे. हातात धरायच्या विटांच्या खेळाचे सेलचे झाकण तर मी आजवर एकाच घरी जागेवर पाहिले. बाकी सगळीकडे रबरबँड.

आता रागाचे कारण सांगतो. आमच्याच घरातला एक पुतण्या जळगावला असतो. त्याला आपला लहानपणचा खोका विकायचा होता. “काका, तुम्ही मराठीचे सर, जाहिरात तुम्हीच लिहून द्या,” म्हणाला. मी खोका पाहिला, चालवला आणि लिहून दिले: दुसऱ्या रिमोटचे डावीकडचे बटण लागत नाही, खाचेचे झाकण नाही, अ‍ॅडॅप्टर मूळचा नाही, बंदूक गहाळ, बाकी चालते. त्याने ते सगळे खोडले आणि वर ते तीन शब्द लिहिले. वर मलाच म्हणाला, “काका, इतकं खरं लिहिलं तर घेणार कोण?”

बाळा, तू जळगावात राहतोस. सुवर्णनगरी म्हणवणारे गाव ते. तिथे सराफ २२ कॅरेटला २४ म्हणतो का? दागिन्यावर ९१६ असे उमटवलेले असते, म्हणजे हजारात ९१६ भाग सोने आणि ८४ भाग दुसरे काही. ही कमतरता छापून सांगितली म्हणून गिऱ्हाईक पळून जात नाही. उलट त्या आकड्याकडे पाहूनच ते पैसे मोजते. किंमत ठरते ती काय आहे आणि काय नाही हे कळल्यावर.

आणि मी धुळ्यात राहतो. इतिहासाचार्य राजवाड्यांचे निधन १९२६च्या अखेरीस याच गावी झाले आणि पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे उभे राहिले. त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून कागद जमवले. पोथ्या जमवणाऱ्यांच्या परंपरेत एक सुंदर शब्द आहे, ‘त्रुटित’. सूचीत पोथीच्या नावापुढे लिहिलेले असते: पूर्ण, अपूर्ण, त्रुटित. अमुक पाने नाहीत, अमुक पान वाळवीने खाल्ले. यात पोथीचा अपमान नाही. उलट हे लिहिले म्हणूनच पुढे कोणाला दुसरीकडे तीच पोथी सापडते, तिच्यात नेमकी ही पाने असतात आणि दोन त्रुटित प्रतींतून एक ग्रंथ पुरा होतो. पहिल्याने ‘उत्तम स्थितीत’ लिहून ठेवले असते तर पाने शोधायला गेलेच कोण असते?

माझे म्हणणे सगळे यात आले. गहाळ भागाची नोंद केली तरच तो भाग सापडतो. कोणाकडे रिमोट आहे पण खोका मेलेला, कोणाकडे खोका आहे पण रिमोट नाही. दोघांनीही खरे लिहिले तर दोघांची गाठ पडते. दोघांनीही खोटे लिहिले तर एक रिमोट भंगारात आणि एक खोका माळ्यावर. आमच्या दुरुस्तीवाल्यांनी नातवाच्या तीन बंद खोक्यांतून दोन चालू करून दिले. तिसरा ‘सुट्या भागांसाठी’ म्हणून उघडपणे विकला होता, तो एकच काय तो प्रामाणिक सौदा, आणि तोच सगळ्यात उपयोगी पडला.

“अहो, खेळणेच ते, एवढे काय,” असे कोणी म्हणेल. खेळण्यासाठी पोरे पगारातून हजारो रुपये मोजतात, आणि चुकीचा अ‍ॅडॅप्टर खेळणे आणि औषध यात फरक करत नाही. “घेणाऱ्याने बघून घ्यावे,” असे दुसरा म्हणेल. फोटोत कार्बनचा ठिपका दिसतो का? आणि कायद्याचे म्हणाल, तर ई-व्यापाराचे २०२०चे नियम धंदा करणाऱ्यासाठी आहेत. घरातली एखादी वस्तू अधूनमधून विकणाऱ्याला ते लागत नाहीत. म्हणजे त्याला आवरणारी एकच गोष्ट उरली, लाज. तीही विकायला काढायची का?

खुद्द निन्टेन्डोचे उदाहरण घ्या. १९८३ साली विकायला काढलेले यंत्र ती कंपनी २००७च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत दुरुस्तीला घेत होती. चोवीस वर्षे! आणि थांबली तेव्हा कारण उघड सांगितले, सुटे भाग मिळेनासे झाले. ‘नाही’ हा शब्द एवढ्या मोठ्या कंपनीला उच्चारता आला, आपल्याला का जड जातो?

म्हणून जुना खेळ विकणाऱ्यांनी निदान एवढे लिहावे:

१. कोणत्या टीव्हीवर, किती वेळ चालवून पाहिले. पाहिले नसेल तर ‘पाहिले नाही’.
२. अ‍ॅडॅप्टर मूळचा की दुसरा, किती व्होल्टचा, मधले टोक धन की ऋण.
३. दोन्ही रिमोटची प्रत्येक बटणे लागतात का.
४. आतले पान मूळचे आहे का. उघडून एक फोटो.
५. काय काय गहाळ आहे. वेगळ्या ओळीत, ठळक.

सुरुवात मीच करतो. आमच्या घरचा समुराई विकायचा नाही, पण नोंद करायला काय हरकत आहे? आमचा समुराई, त्रुटित. खोका चालतो. पहिला रिमोट चालतो. दुसरा रिमोट, बंदूक आणि खाचेचे झाकण गहाळ. ते दिवाळीच्या सुट्टीत कोणत्या तरी भाच्या-पुतण्याच्या पिशवीतून गेले असावेत. अमळनेर, चोपडा, जळगाव, नाशिक, जिथे कुठे वाचत असाल तिथे एकदा माळा बघा. सापडले तर कळवा. बटणे लागत नसली तरी चालेल, फक्त कोणती लागत नाहीत तेवढे आधी सांगा.