दुसरी प्रत



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शनिवारची जपमाळ आटोपून मी मंदिराचे दार ओढून घेत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक व्यापारी गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. त्यांची हकीकत त्यांच्याच अनुमतीने येथे देत आहे. नावागावाचे प्रयोजन नाही.

सिमेंट, लोखंडी सळया, पत्रे व रंग यांचे त्यांचे दुकान वडिलांपासून चालत आलेले आहे. वडील तांबड्या बांधणीच्या वह्यांत जमाखर्च लिहीत. चिरंजीवांनी काही वर्षांपूर्वी तो सारा व्यवहार संगणकावर नेला. त्यांत गैर काहीच नव्हते. काम झपाट्याने होई, चुका कमी होत. पण एके दिवशी सकाळी संगणक उघडतात तो एकही फाईल उघडेना आणि पडद्यावर खंडणीची मागणी झळकू लागली! आदल्या दिवशी एका कारकुनाने मालाचे बिल समजून ई-मेलसोबत आलेला एक कागद उघडला होता. त्या कागदाच्या मिषाने चोर घरात शिरला आणि त्याने प्रत्येक कपाटाला आपले कुलूप ठोकले.

“पण तुम्ही नक्कल ठेवीत होता ना?” मी विचारले.

“होय, फादर. रोज रात्री पेन ड्राइव्हवर उतरवीत होतो. एक दिवस चुकविला नाही. पण तो पेन ड्राइव्ह संगणकाला कायमचाच लावलेला असे. त्यालाही तेच कुलूप बसले.”

31 मार्चपर्यंतचे हिशेब त्यांच्या लेखापालाकडे होते, म्हणून ते मिळाले. पुढील महिन्यांतील बँकेचे व्यवहार बँकेच्या उताऱ्यांवरून जुळविता आले. इतर व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीची बिले जीएसटीच्या विवरणपत्रांत एकेक नोंदलेली होती, तीही सापडली. परंतु किरकोळ गिऱ्हाइकांची विक्री त्या विवरणांत बहुधा ठोक आकड्यानेच जाते. म्हणून रोखीचा व्यवहार, उधारी आणि लोकांनी मालासाठी दिलेली आगाऊ रक्कम यांचा मागमूस उरला नाही.

त्या आगाऊ रकमांत एका गवंड्याच्या विधवेची रक्कम होती. दिवाळीनंतर घर बांधावयाचे, तोवर भाव चढू नयेत, म्हणून त्या माउलीने जमेल तसे चार पैसे आणून दिले होते. तिच्याजवळ पावत्या होत्या; पण त्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या. हा कागद उष्णतेने काळा होतो आणि उष्णतेनेच काही काळाने पांढराही पडतो. तिने त्या चुलीजवळच्या फळीवर जपून ठेविल्या होत्या. दाखवावयास आणल्या, तेव्हा त्या कोऱ्या झाल्या होत्या. ती म्हणे साठ हजार. दुकानदारांच्या स्मरणात पंचेचाळीस.

“फादर, मावशी खोटे बोलणार नाहीत हे मला ठाऊक आहे,” ते खाली पाहत म्हणाले. “पण क्षणभर मला त्यांचा संशय आला. हिशेब गेल्याचे दुःख आहेच. परंतु हा संशय मनात आला, याची लाज अधिक वाटते.”

मी त्यांना एवढेच सांगितले, की ज्याच्या हाती लेखणी होती त्याच्या निष्काळजीपणाने शंका उत्पन्न झाली असेल, तर त्या शंकेचा भार त्यानेच उचलावा. लिहून घेण्यासाठी ज्याने विश्वासाने पैसे दिले, त्याच्या शिरावर तो टाकू नये. त्यांनी मान डोलाविली आणि साठ हजारांचा माल देण्याचे कबूल केले.

वाचकहो, त्या रात्री मला एक गोष्ट स्पष्ट झाली. वही दुकानदाराची असते. पण वहीतील अर्धी पाने दुसऱ्यांची असतात. मजुराचा पगार, गिऱ्हाइकाची ठेव, पुरवठादाराचे देणे, सरकारचा कर हे सारे आपल्यापाशी विश्वासाने ठेविलेले असते. म्हणून नोंदी सांभाळणे हा केवळ चतुराईचा प्रश्न नसून न्यायाचा प्रश्न आहे.

आता नोंदी नष्ट होतात कशाने ते पाहू. पहिले कारण यंत्राची झीज. साध्या हार्ड डिस्कमधील तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते. असे यंत्र एक दिवस थकणारच. नव्या पद्धतीच्या डिस्कमध्ये फिरणारा भाग नसतो, परंतु तीही कधी कधी पूर्वसूचना न देता बंद पडते. लिहिता लिहिता वीज गेल्यास फाईल अर्धवट राहून बिघडते. म्हणून यूपीएस हा खर्च नव्हे, विमा होय.

दुसरे कारण माणसाचा हात. नको ती फाईल पुसली जाते, जुन्या नोंदीवर नवी लिहिली जाते. अशा वेळी त्या यंत्रावरील काम तत्काळ थांबविले, तर पुसलेले पुष्कळदा परत मिळते. काम चालूच ठेवले, तर तीच जागा नव्या मजकुराने व्यापली जाते. पण मालकाच्या रागाला भिऊन नोकर चूक लपवितो आणि मोलाचे तास निघून जातात. ज्या दुकानात चूक कबूल करणाऱ्याला शिव्या मिळतात, तेथे चुका उशिराच कळतात. कुटुंबप्रमुखांनीही हे ध्यानात ठेवावे.

तिसरे कारण दुष्टबुद्धी. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या नावाच्या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जगभरचे संगणक ठप्प केले. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही थांबले. कंपनीची सारी यंत्रणा ज्या एका मूळ नोंदसंग्रहावर उभी होती, त्याच्या प्रती ठिकठिकाणी होत्या. पण त्या एकमेकींशी जोडलेल्या असल्यामुळे एकदमच नष्ट झाल्या. वाचली ती आफ्रिकेतील घाना देशातील एकच, कारण तेथे नेमकी त्याच वेळी वीज गेली होती! वीज गेल्याबद्दल कोणी देवाचे आभार मानले असतील, तर ते त्या दिवशी. जोडलेली प्रत मूळ यंत्राबरोबरच बुडते आणि तोडून ठेविलेली प्रतच तारते, हे यावरून ध्यानी येईल. आमच्या व्यापाऱ्यांचा पेन ड्राइव्ह याच एका नियमाला चुकला होता.

चौथे कारण अग्नी, पाणी व चोरी. 2019 च्या ऑगस्टमध्ये बेळगाव, कोल्हापूर व सांगली या जिल्ह्यांत पूर आला, तो आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. दुकानाचा संगणक आणि त्याची नक्कल एकाच मेजाच्या खणात असतील, तर पाणी दोहोंत भेद करीत नाही. हे संकट केवळ गरिबावर येते असेही नाही. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी माहितीकेंद्राला आग लागली आणि सरकारी नोकरांच्या कामाच्या कागदांचा 858 टेराबाइटचा संग्रह जळून गेला. त्याची नक्कल दुसरीकडे ठेविलेलीच नव्हती. आकाराने तो फार मोठा, म्हणून नक्कल ठेविली नाही, असे कारण देण्यात आले.

पाचवे कारण सर्वांत फसवे आहे : नक्कल आहे, असा समज. 1998 मध्ये अमेरिकेतील पिक्सार या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी 2’ या चित्रपटाच्या फाईली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. नकलांकडे धाव घेतली, तो त्या नीट उतरतच नव्हत्या आणि हे कोणी पाहिलेही नव्हते. तेथील एका तांत्रिक दिग्दर्शिकेला नुकतेच मूल झाले असल्याने ती घरून काम करीत असे. तिच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. त्या प्रतीने चित्रपट तरला. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती प्रत नव्हे. ती केवळ आशा होय.

धर्मसभेला ही विद्या नवी नाही. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1563 मध्ये विवाहांची वही ठेवण्याची आज्ञा धर्मगुरूंना दिली. पुढे 1917 च्या धर्मसभा-कायद्याने असे सांगितले, की प्रत्येक वर्षाच्या अखेरीस धर्मगुरूने आपल्या धर्मग्रामाच्या वह्यांची अधिकृत नक्कल महागुरूंच्या कार्यालयाकडे धाडावी. 1983 च्या नव्या संहितेत वार्षिक नकलेचा तो नियम राहिला नाही; परंतु वह्या काळजीपूर्वक सांभाळाव्यात आणि त्या परक्यांच्या हाती पडू देऊ नयेत, ही जबाबदारी कायम आहे. ज्यांनी वाळवीने खाल्लेली स्नानसंस्काराची वही हाती धरली आहे, त्यांना दूर ठेविलेल्या त्या दुसऱ्या प्रतीचे मोल सांगावयास नको.

त्याहून जुना दाखला पवित्र शास्त्रात आहे. यरुशलेमला वेढा पडला असता, स्वतः बंदीत असलेल्या यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथ येथील शेत आपल्या चुलतभावाकडून सतरा शेकेल चांदी देऊन विकत घेतले. त्याने साक्षीदार बोलाविले, खरेदीखताच्या दोन प्रती केल्या, एक मोहोरबंद व एक उघडी, आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या पात्रात ठेवण्यास बारूखाला सांगितले. नगर पडण्याच्या बेतात असताना खरेदीखत जपून ठेवणे म्हणजे उद्याच्या दिवसावर आणि देवावर विश्वास ठेवणे होय. नक्कल ठेवणे हे अविश्वासाचे लक्षण मुळीच नव्हे.

मग करावे काय? जाणकारांनी एक सोपा नियम घालून दिला आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. कामाचा संगणक ही पहिली प्रत. बाहेरील डिस्क ही दुसरी. ती नक्कल होताच काढून कपाटात ठेवावी. तिसरी प्रत दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे अथवा इंटरनेटवरील साठवणीत असावी. मात्र इंटरनेटवरील काही सोयी आरशासारख्या असतात. येथे पुसले की तेथेही पुसते. म्हणून जुन्या आवृत्त्या राखून ठेवणारी सोय निवडावी. महिन्यातून एकदा, समजा पहिल्या शनिवारी, एखादी नक्कल निराळ्या संगणकावर उघडून पाहावी. संगणकातील प्रणाली अद्ययावत ठेवावी, अनोळखी कागद उघडू नयेत, आणि प्रत्येक कारकुनाला त्याच्या कामापुरताच प्रवेश द्यावा. पासवर्ड एकट्या यजमानालाच ठाऊक असेल, तर त्याच्या मरणाबरोबर हिशेबही पुरला जातो. तो बंद पाकिटात घालून विश्वासू माणसाच्या हवाली करावा.

कायदाही हेच सांगतो. 2017 च्या केंद्रीय जीएसटी नियमांतील 57 व्या नियमाप्रमाणे, संगणकावरील नोंदी अपघाताने नष्ट झाल्या तरी वाजवी मुदतीत पुन्हा उभ्या करता येतील, अशी नक्कल ठेवावीच लागते. नोंदणीकृत कंपन्यांना तर 2022 पासून हिशेबाची नक्कल रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे.

आणि खंडणीची पाळी आलीच, तर पैसे देऊन फाईली मिळतीलच याची शाश्वती नाही. शिवाय त्या पैशाने पुढचा दरोडा पोसला जातो. यंत्र तत्काळ इतरांपासून तोडावे, सायबर पोलिसांकडे तक्रार करावी आणि कुलूप लागलेल्या फाईली फेकून देऊ नयेत. युरोपातील पोलिसांनी व काही तज्ज्ञ कंपन्यांनी 2016 मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. काही कुलपांच्या किल्ल्या तेथे विनामूल्य मिळतात. आज नसलेली किल्ली उद्या सापडू शकते.

असो. नाताळापूर्वी त्या मावशींच्या नव्या घराला आशीर्वाद देण्यास मी गेलो होतो. व्यापारी गृहस्थही सहकुटुंब आले होते. प्रार्थना झाल्यावर मावशींनी कौतुकाने एक लहानशी वही माझ्या हाती दिली. आता आगाऊ पैसे देणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दुकानातून अशी वही मिळते; पैसे घेताच दुकानदार तीत शाईने आकडा लिहितात, सही करतात आणि मगच संगणकावर नोंदवितात. त्यांनी दोन डिस्क घेतल्या आहेत. एक दर आठवड्यास बहिणीच्या गावी जाते.

मला यिर्मयाची उघडी प्रत आठवली. आपण कुलपात ठेवितो ती प्रत आपल्या भल्यासाठी. दुसऱ्याच्या हाती देतो ती त्याच्या न्यायासाठी. वाचकहो, आज घरी वा दुकानी गेल्यावर एवढेच पाहा : कोणाचा पैसा तुमच्या वहीत आहे, आणि ती वही उद्या नाहीशी झाली, तर त्याने कोठे जावे?