न सांगता आलेला पूर

नाशिकच्या गंगापूर धरणातून विसर्ग वाढणार असेल तर गोदाकाठच्या सायखेडा-चांदोरीला आधी कळवतात. नुकसान टळतेच असे नाही, पण काठावरची दुकाने रिकामी करायला, जनावरे वर न्यायला वेळ मिळतो. कांद्याच्या बाबतीत दिल्लीला एवढेही सुचत नाही. ७ डिसेंबर २०२३ ला अधिसूचना निघाली आणि ८ डिसेंबरपासून निर्यात बंद.

डिसेंबरातली बंदी सगळ्यांत वाईट. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने थांबतो. भाव पडले तर शेतकरी कळ काढतो. डिसेंबरात निघणाऱ्या लाल कांद्याला ती सोय नाही. काढला की ट्रॅक्टर भरायचा, सायखेड्याच्या उपबाजारात किंवा पिंपळगाव-लासलगावला उभा करायचा आणि पुकारला जाईल तो भाव घ्यायचा. बंदी नेमकी याच कांद्यावर आली. लिलाव बंद पडले, मुंबई-आग्रा महामार्ग अडला. ४ मे २०२४ ला बंदी उठली तेव्हा लाल कांदा कधीच संपला होता. (२० मे ला दिंडोरीत लोकसभेचे मतदान होते. योगायोग म्हणायचा असेल त्याने म्हणावा.) बंदी उठली तरी ४० टक्के शुल्क लागलेच, त्यातले उरलेले २० टक्के जायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला.

शुल्क गेले म्हणून तुटलेले गिऱ्हाईक परत येत नाही. आपले मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. सप्टेंबर २०१९ च्या बंदीनंतर तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि आचाऱ्याला कांदा घालू नको म्हणून सांगितले आहे, असे हसत म्हणाल्या. आधी कळवले असते तर दुसरीकडून आणला असता, हेही त्यांनी सुनावले. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, पुन्हा तसेच झाले. मालाचे ट्रक सीमेवर अडकले. मग ढाक्याने इतर देशांकडे पाहिले आणि स्वतःची लागवडही वाढवली. आता त्यांचा कांदा बाजारात आला की आयात परवाने थांबतात आणि त्याचा फटका आपल्या लिलावात बसतो. यासाठी बांगलादेशला बोल लावणे बरोबर नाही. आपल्या शेतकऱ्याला जपा, हेच तर आपण दिल्लीकडे मागतो.

शहरातल्या माणसाला कांदा परवडला पाहिजे, हे मान्य. पण त्याचा भार तिजोरीने उचलावा, वावराने नव्हे. २०१८ च्या नोव्हेंबरात निफाड तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याला साडेसात क्विंटलचे १,०६४ रुपये मिळाले आणि त्याने ते मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले. भाव असे कोसळतात तेव्हा रातोरात अधिसूचना निघत नाही.

खरिपाचे रोप टाकल्यापासून कांदा बाजारात यायला साधारण पाच महिने जातात. तेव्हा निर्यातीचे धोरण रोप टाकण्याआधी, मे महिन्यातच जाहीर करावे आणि कांदा निघेपर्यंत त्याला हात लावू नये. नाशिक आणि दिंडोरीच्या खासदारांनी संसदेत एवढी एकच मागणी लेखी मांडावी आणि उत्तरात तारीख मागावी.